झाडूच्या पासवर भरलेले सांधे

दवाखान्याच्या, गोदामाच्या किंवा कारखान्याच्या मोठ्या फरशीवर थोड्या थोड्या अंतरावर एक सरळ रेघ असते. तिच्याकडे तुम्ही कधी बघितलं नसेल. बघूही नका. कोणाची टाच अडकत नाही, कोणाला ठेच लागत नाही, कोणाच्या लक्षात येत नाही, याचीच मजुरी आम्ही आयुष्यभर घेतली. आमच्या धंद्यात कोणी कामाची दखल घेतली की समजायचं, काहीतरी बिघडलं. आता या अंकाच्या संपादकांनी फोन करून 'तुमच्या कामाबद्दल लिहा' असं सांगितलं, तेव्हा मी आधी हेच विचारलं की कुठली फरशी उखडली.

मी मुळातला या धंद्यातला नाही. मी मिलचा माणूस. वडील इंदूरच्या मिलमध्ये होते, म्हणून मीही मिलमध्ये. आमच्याकडे नोकरी अशीच वारशानं यायची, टक्कल आल्यासारखी. सूतकताई खात्यात तुटलेले धागे जोडायचं माझं काम. अंगठा आणि बोट, एक पीळ, झालं. असं करत म्हातारं व्हायचं आणि पोराला आत चिकटवून मरायचं, एवढी साधी योजना होती. पण नव्वदच्या दशकात मिलचं गेट बंद झालं. साहेब लोकांनी समजावलं की देशाची आर्थिक तब्येत सुधारते आहे. तब्येत देशाची होती, कडू औषध तेवढं आमच्या घशात ओतलं होतं. गेटवर पास परत घेतले. मशीन गेलं, खातं गेलं, तेव्हा मी गप्प होतो. पण पास हातातून घेतला तेव्हा रस्त्यावर उभा राहून ढसाढसा रडलो. त्या पासवर माझं नाव होतं आणि नावाखाली मी काय करतो ते लिहिलेलं होतं. ते गेल्यावर मी नुसताच प्रल्हाद उरलो.

मग आमच्या पुनर्वसनासाठी प्रशिक्षण निघालं. मेणबत्त्या करायचं. इंदूरच्या सगळ्या मिलच्या सगळ्या कामगारांनी खरोखर मेणबत्त्या केल्या असत्या तर वीज मंडळाला कुलूप लावावं लागलं असतं. मी दोन मेणबत्त्या केल्या, दोन्ही वाकड्या झाल्या, आणि तिथून उठून इंदूरबाहेर पीथमपूरला कामाच्या शोधात गेलो.

पीथमपूरला तेव्हा जिकडे बघावं तिकडे नवे कारखाने उभे राहत होते. देश उघडला होता म्हणे, आणि उघडलेल्या देशाला फरशी लागते. तिथं चौकसेजी नावाचे ठेकेदार भेटले. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, "मिल में क्या करते थे?" म्हटलं, तुटलेले धागे जोडायचो. ते म्हणाले, "तो यहाँ भी जोड़ का ही काम है, भिया. बस धागे की जगह जमीन समझ लो." अशी माझी भरती झाली.

आता हे काम काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. काँक्रीट वाळताना आकसतं. नंतरही उन्हात फुगतं, थंडीत आखडतं. त्याला हलायला जागा दिली नाही तर ते आपल्या मर्जीनं, वाटेल तिथून तडकतं. म्हणून आपणच आधी कटर फिरवून त्यात सरळ चीर देतो, तिलाच सांधा म्हणायचं, म्हणजे तडकायचंच असेल तर इथं तडक बाबा. पण चीर उघडी ठेवली तर तिच्यात पाणी, तेल, कचरा, किडे, सगळे राहायला येतात. म्हणून तिच्यात रबरासारखा मसाला भरायचा. तो फरशीबरोबर ताणला जातो आणि फरशीबरोबर आखडतो. त्याला सीलंट म्हणतात. दोन डबे मिसळून तो तयार होतो आणि मिसळताना सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. चीर झाडून, फुंकून कोरडी करायची. तळाशी फोमची दोरी दाबायची. दोन्ही काठांना कागदी टेप लावायची. पिचकारीसारख्या गननं मसाला भरायचा आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या चमच्याच्या पाठीनं तो एका ओढीत गुळगुळीत करत न्यायचा, मधे किंचित दबलेला आणि काठांना घट्ट धरलेला. मग लगेच टेप सोलायची. चमचा कुठे थबकला की तिथं वळ उठतो. शिंक आली तर देवाचं नाव घ्यायचं.

गिऱ्हाइकांना यातलं काहीच पटायचं नाही. एक नमकीनवाले सेठजी होते. त्यांच्या नव्याकोऱ्या फरशीवर आम्ही कटर ठेवला तर ते आडवेच झाले. "नया फर्श है भिया, और तुम मशीन से चीर रिये हो? अपने को जोड़-वोड़ नी चइये." चौकसेजींनी समजावलं की नाही चिरलं तर आपोआप फाटेल. सेठजी म्हणाले, "दूसरों का फटता होगा. अपन ने माल अच्छा डलवाया है." थंडी पडली आणि त्या अच्छ्या मालातून एक तडा निघाला. नर्मदेचा नकाशा काढावा तसा, उपनद्यांसकट. सेठजींनी आम्हाला बोलावलं नाही, वास्तूवाल्याला बोलावलं. त्यानं ईशान्य कोपरा रागावला आहे असं सांगून तिथं एक कलश पुरायला लावला. तडा त्या कलशाला वळसा घालून भिंतीपर्यंत पोचला. मग आम्हाला निरोप आला, "भिया, उस लकीर में कुछ भर दो. पर उसको जोड़ मत बोलना."

पण मला गोष्ट सेठजींची सांगायची नाही. कुसुमची सांगायची आहे.

कुसुम माझी बायको, माहेर महूचं. तिचे आजोबा पलटणीत होते. त्या घरात हुकूम पाळायची सवय होती आणि कोणाचा हुकूम पाळायचा नाही ते ठरवायचीही होती. मिल बंद झाल्यावर तिनं मला धीर दिला नाही, काम शोधलं. राजवाड्याजवळच्या एका दुकानासाठी ती मेंदीचे कोन भरायची आणि लग्नसराईत नवऱ्यामुलींचे हात रंगवायची. हे लक्षात ठेवा, कारण चौकसेजींनी माझी पहिली रेघ बघून काय विचारलं होतं माहीत आहे का? "यहाँ से साँप गया था क्या?"

ती नामुष्की जिव्हारी लागली. उरलेला मसाला घरी आणून मी आमच्या दारातल्या दगडी फरश्यांच्या फटीत सराव करायला बसलो. थोड्या वेळात कुसुम पदर नाकाला लावून बाहेर आली.

"अहो, हे काय मांडलंय दारात? पूरी गल्ली विचारून राहिली की कोणाकडे अंडी फुटली."

"प्रॅक्टिस चालू आहे."

"ही प्रॅक्टिस आहे? सरका जरा. द्या इकडे तो चमचा."

तिनं फटीच्या एका टोकाला चमचा टेकवला, श्वास धरला आणि उकिडवी मागे मागे सरकत दुसऱ्या टोकाला जाऊन श्वास सोडला. मधे एकदाही हात अडला नाही. मी त्या रेघेकडे बघत राहिलो. इतके दिवस घाम गाळून मला जे येत नव्हतं ते तिला भांडी घासण्याच्या आणि कुकरची शिट्टी होण्याच्या मधल्या वेळात आलं. खूप राग आला. मग भूक लागली म्हणून राग सोडून दिला.

चौकसेजींना ती रेघ दाखवायला मी घरी घेऊन आलो. ते गल्लीत वाकून बघत होते आणि गल्ली त्यांना बघत होती. उठून म्हणाले, "भाभीजी को कल से साइट पे ले आओ." आणि मग पुढचा प्रश्न त्यांनाच पडला, "मगर गेट पे बोलेंगे क्या?"

त्या वेळी आमचं काम पीथमपूरच्या एका औषधांच्या कारखान्यात चालू होतं. नाव सांगत नाही. त्यांची एखादी गोळी तुम्ही आज सकाळीच घेतली असेल. तिथं गेटवर बाईमाणसाला आत यायचे दोनच रस्ते होते. एक पॅकिंग, ती कंपनीची भरती. दुसरा सफाई, ती ठेक्याची. सांधे भरणारी बाई असा प्राणी सृष्टीत असू शकतो, हे पास छापणाऱ्याला सुचलंच नव्हतं. मग चौकसेजींनी सफाईचा पास काढला. तिनं तो हातात घेऊन वाचला.

"हे तर खोटं आहे."

"अगं, पास आहे. आत जायला मिळतंय ना?"

"आत जायला मांजरालाही मिळतं. मला माझं काम काय ते लिहिलेलं पाहिजे. तुमच्या मिलच्या पासवर होतं तसं."

मी म्हटलं, बघू पुढे. 'बघू पुढे' हे नवऱ्यांचं फार जुनं आणि टिकाऊ सीलंट आहे.

पास सफाईचा म्हणजे हातात झाडू दिसला पाहिजे. म्हणून आमची एक रीत बसली. कुसुम सांधा ओढायची आणि तिच्या बाजूला झाडू आडवा पडलेला असायचा. कंपनीचे प्रशासन अधिकारी सक्सेना साहेब फेरी मारायला यायचे. त्यांचे बूट वाजले की कुसुम झाडू उचलायची आणि मी चमचा. साहेब कमरेत वाकून रेघ बघायचे आणि म्हणायचे, "वाह प्रल्हाद, क्या हाथ है!" मी मान खाली घालायचो. घालावीच लागायची, कारण समोर कुसुम झाडता झाडता हसत असायची. साहेब वळले की झाडू खाली, चमचा परत तिच्याकडे. एकदा तर साहेबांनी मला विचारलं की एवढी सफाई हाताला कशी आली. 'सफाई' हा शब्द ऐकून चौकसेजींना ठसका लागला.

हे असंच चाललं असतं. पण पहिला हॉल तयार व्हायला आला आणि मालकांनी मशिनरीच्या पूजेचा मुहूर्त काढला. आता मुहूर्त पंडितजी काढतात आणि सीलंट आपल्या वेळेनं घट्ट होतं. दोघांची गाठभेट घालून द्यायची पद्धत अजून निघालेली नाही. त्यात थंडीचे दिवस, थंडीत मसाला आळसावतो. चौकसेजींना मी म्हटलं, पूजा थोडी पुढे ढकलायला सांगा. ते म्हणाले, "पंडितजी से क्या बोलूँ? कि शनि ठीक है पर सीलंट गीला है?"

या हॉलवर आमचं बरंच अवलंबून होतं. ही फरशी पसंत पडली तर बाकीच्या सगळ्या हॉलांचं काम आमचं. नाही तर पुन्हा मेणबत्त्या. पूजेच्या सकाळी शेवटचा एकच सांधा राहिला होता, नेमका दाराच्या उंबऱ्यालगतचा. कुसुमनं तो ओढला आणि टेप सोलली. रेघ ओल्या काजळासारखी चमकत होती. त्याच हॉलमधले आधी भरलेले बरेच सांधेही वरून कोरडे आणि आतून मऊ होते. आम्ही सामान आवरून बाजूच्या दारानं बाहेर पडलो आणि वळून मोठ्या दारापाशी आलो, एवढ्यात सक्सेना साहेब घाईघाईनं आले. कुसुमच्या हातात नेमका झाडू होता.

"ए बाई, खड़ी क्या हो? पूरे हॉल में पोछा मारो. फिनाइल डाल के. मालिक की माँजी निकल चुकी हैं."

"साहब, पोछा नहीं लगेगा."

साहेबांना ऐकू आलं, पण समजलं नाही. सफाईवाली पोछ्याला नाही म्हणते, ही गोष्ट त्यांच्या नोकरीत पहिल्यांदा घडत होती.

"क्यों नहीं लगेगा? पास किस बात का है तुम्हारा?"

"पास सफाई का है. पर जोड़ गीला है. पोछा फिरा तो सब फर्श पे फैल जाएगा."

"जोड़ की टेंशन तुम मत लो. जोड़ प्रल्हाद का काम है."

"जोड़ मेरा है साहब. मैंने भरा है."

साहेब हसले. हसून माझ्याकडे बघितलं. मी हातात चमचा घेऊन उभा होतो. ताटाशिवाय चमचा धरलेला माणूस किती बावळट दिसतो, ते त्या दिवशी कळलं. चौकसेजी आकाशात काहीतरी शोधत होते. मी म्हणालो, "साहब, भरती वही है. मैं दोरी दबाता हूँ और मसाला मिलाता हूँ. आप आते हैं तब चमचा पकड़ता हूँ."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी इतक्या वेळा माझ्या हाताची तारीफ केली होती, ती सगळी परत कशी घ्यायची हे त्यांना कळेना. मग त्यांनी दुसऱ्या सफाईवाल्याला हाक मारली, "बाल्टी ला रे!" कुसुमनं काय करावं? तिनं झाडू उंबऱ्यावर आडवा ठेवला आणि त्याच्या अलीकडे मांडी घालून बसली. बादली आली आणि तिच्यापाशी येऊन थांबली. मला दिसत होतं की आता आपलं काम जाणार, आणि तरीसुद्धा, खरं सांगतो, तिचा इतका अभिमान मला लग्नानंतर कधीच वाटला नव्हता.

एवढ्यात गाड्या आल्या. मालक, पाहुणे, पंडितजी आणि हातात पूजेचं ताट धरलेल्या मालकांच्या आई. माँजी जुन्या माळवी बाई, जाड काचेचा चष्मा, डोक्यावरून पदर. दारात एक बाई बसलेली बघून त्यांनी सगळ्या सुटाबुटांना ओलांडून तिलाच विचारलं.

"कई हुयो, बेटी?"

"माँजी, गीला है."

माँजींनी वाकून बघितलं. "लीप्यो है?"

"लीपा ही समझो माँजी. सूखने तक कोई पाँव न रखे."

शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओली असताना पाय द्यायचा नाही, हे ज्या बाईला लहानपणी पाठीत धपाटे खाऊन कळलेलं असतं, तिला सीलंट समजावून सांगावं लागत नाही. माँजी मागे वळून म्हणाल्या, "तो फेर पग कोई मत धरजो. पूजा बाहर कर लां."

आणि झाली की पूजा बाहेर! मोठमोठी माणसं उन्हात पायरीवर उभी राहिली, नारळ पायरीवर फुटला, आणि पंडितजींनी उंबऱ्याच्या पूजेलाही तितकंच पुण्य असल्याचं तिथल्या तिथे जाहीर केलं. सक्सेना साहेब पोछ्याच्या बादलीशेजारी हात जोडून उभे होते. फरशी वाचली. मालकांनी नंतर ती नीट बघितली, आणि बाकीच्या सगळ्या हॉलांचं काम चौकसेजींना मिळालं.

फक्त कुसुमचा पास दुसऱ्या दिवशी जमा झाला. कारण लिहिलं होतं, सफाईस नकार. यात साहेबांची काय चूक? पास सफाईचा होता आणि तिनं सफाई केली नव्हती. कागद चोख होता. संध्याकाळी कुसुम मेंदीचे कोन भरायला बसली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "तुमचा पास घेतला तेव्हा तुम्ही रस्त्यावर रडले होते. मला तर रडताही येत नाही. त्याच्यावर माझं होतंच काय?"



दुसऱ्या हॉलचा पहिला सांधा मी ओढला. सगळं कसब पणाला लावून ओढला. सक्सेना साहेब आले, वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं कंबर धरली. उठून म्हणाले, "ये पहले वाले जैसा क्यों नहीं है?"

"साहब, पहले वाला जिसने किया, वो गेट के बाहर है."

आता आली का पंचाईत! मालकांना पहिल्यासारखीच फरशी पाहिजे होती. पॅकिंगमध्ये तिला घेता येत नव्हतं, ती कंपनीची भरती. सफाईत घेता येत नव्हतं, तिथून ती काढलेली. सांध्याचा रकाना नव्हता आणि नवा रकाना उघडायला मुंबईच्या ऑफिसची परवानगी लागत होती. पण सक्सेना साहेब काही उगाच साहेब झाले नव्हते. त्यांनी तोड काढली: तिला व्हिजिटर म्हणून आत घ्यायचं.

अशा रीतीनं माझी बायको त्या कारखान्यात रोज पाहुणी म्हणून कामाला येऊ लागली. छातीला बिल्ला, बसायला खुर्ची, कपबशीत चहा. मला स्टीलच्या ग्लासात, तोही मागितला तर. तिच्या चिठ्ठीत 'किससे मिलना है' या रकान्यात गेटवरचा बनेसिंग रोज माझं नाव लिहायचा आणि पुढे कंसात 'पति'. कारण: व्यक्तिगत. बाहेर पडताना ज्याला भेटलात त्याची चिठ्ठीवर सही लागायची, म्हणून ती दिवसभर उकिडवी बसून सांधे ओढायची आणि संध्याकाळी मी सही करायचो की होय, ही मला भेटली. कंपनीचे कागद वाचले तर वाटेल, नवऱ्यावर इतकं प्रेम करणारी बायको अख्ख्या माळव्यात नाही. बिचारी रोज डब्बा घेऊन येते आणि सुट्टी होईपर्यंत जात नाही. बाकीचे कामगार मला चिडवायचे, "भाभी का प्यार देखो भिया!" सुरुवातीला कुसुमही हसायची. मग तिनं हसणं सोडलं. चिठ्ठी घ्यायची, बिल्ला लावायचा आणि सरळ चालू लागायची.

त्यात मला कावीळ झाली. अंथरूण धरलं. तिसऱ्या हॉलच्या चिरा कापून, झाडून, दोरी दाबून तयार होत्या, आणि उघड्या ठेवल्या की त्यात पुन्हा धूळ बसणार. चौकसेजी म्हणाले, राहू द्या, भिया बरे झाले की करू. कुसुमनं मला मुगाचं पाणी पाजलं, औषध उशाशी ठेवलं, शेजारच्या मावशींना माझ्याकडे बघायला सांगितलं आणि एकटी टेम्पोत बसून पीथमपूरला गेली.

पुढचं मला तिनंही सांगितलं आणि बनेसिंगनंही. दोघांचं सांगणं जुळतं, फक्त बनेसिंगच्या सांगण्यात कुसुमचा आवाज जरा मोठा आहे.

बनेसिंग म्हणाला, "भाभी, भिया तो आज आए नी. किससे मिलोगी?"

"मिलना किसी से नहीं है. काम करना है."

"काम तो ठीक है, पर चिट्ठी में नाम तो डालना पड़ेगा न. सक्सेना साहब का लिख दूँ?"

"उनसे मुझे क्या मिलना?"

"तो फिर भिया का ही डाल देता हूँ."

"वो तो घर पे पड़े हैं. उनसे मिलना होता तो घर ही न बैठती, यहाँ तक टेम्पो में धक्के क्यों खाती? लिखो, जोड़ भरने आई है."

"पर भाभी, कॉलम में लिखा है किससे मिलना है."

"तो लिखो, जोड़ से."

मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. बनेसिंग साधा माणूस, रकाना रिकामा ठेवायचा नाही एवढं त्याला शिकवलेलं. त्यानं लिहिलं: किससे मिलना है, फर्श के जोड़ से. कारण: भरना है.

त्या दिवशी तिनं एकटीनं मसाला मिसळला, एकटीनं भरला आणि ओढला. संध्याकाळी गेटवर आली, हात कोपरापर्यंत काळे. बनेसिंगनं चिठ्ठी बघितली आणि त्याला नवीन अडचण दिसली. भेटलेल्याची सही कुठाय? कुसुमनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि त्या जागी स्वतःची सही केली. म्हणाली, "सुबह से जोड़ के पास मैं ही थी. और कौन करेगा?" बनेसिंगनं एकदा सही बघितली, एकदा तिचे हात बघितले आणि शिक्का मारला. त्यानंतर तो रोज तेच लिहू लागला आणि ती रोज सही करू लागली. सक्सेना साहेबांनी ते कधी वाचलं असेल तर बोलले नाहीत.

मी बरा होऊन उठलो तेव्हा तिसरा हॉल संपत आला होता. तिच्याबरोबर गेटवर गेलो. तिची चिठ्ठी तयारच होती. ती घेऊन ती आत निघाली. बनेसिंगनं माझा पास उलटसुलट करून बघितला.

"भिया, ये तो खतम हो गया. आप बीमार थे, चौकसेजी ने आगे बढ़वाया नी."

"मग आता?"

"विज़िटर में लिख दूँ? बोलो, किससे मिलना है?"

मी काही म्हणायच्या आत कुसुमनं आतून, मागे वळून न बघता, सांगितलं, "लिख दो, मुझसे."

त्यानं लिहिलं. मी छातीला बिल्ला लावून तिच्या मागोमाग आत गेलो, दिवसभर दोरी दाबली, मसाला मिसळला आणि तिच्या हाताखाली डबे धरले. संध्याकाळी तिनं माझ्या चिठ्ठीवर सही केली, तेव्हा कुठे मला बाहेर सोडलं.